तेलाची लहान बाटली

आमच्या शाळेत कोण जाणार आणि कोण राहणार हे मुख्याध्यापकांच्या आधी बाजाराला कळतं. देशोदेशींहून आलेले शिक्षक आम्ही, दोन-दोन वर्षांच्या करारावर जगणारे. ज्याच्या मनात जायचं आलं, तो आधी तेलाची लहान बाटली घ्यायला लागतो. मग साखर अर्धा किलो, साबणाची एकच वडी. तोंडानं तो कोणाला काही बोललेला नसतो, पण अर्धी भरलेली मोठी बाटली मागे टाकून जायला जिवावर येतं, म्हणून हात आपोआप लहान बाटलीकडे वळतो. इथं थायलंडला, चिआंग माईत आले तेव्हा मला हे कोणी सांगितलं नव्हतं. आता मीही लोकांच्या पिशव्यांत डोकावते.

त्यामुळे सप्टेंबरातल्या एका रविवारी लिझानं तेलाची लहान बाटली घेतली आणि ती आनेकेनं पाहिली, तेव्हा सोमवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना माहीत झालं, की सतरा वर्षांनी लिझा निघाली.

लिझा म्हणजे फ्लोरदेलिझा बांताय, पहिलीची टीचर. फिलिपिन्समधल्या आन्तिकेची. आली होती दोन वर्षांसाठीच. तिच्या हाताखाली पहिली अक्षरं गिरवलेली मुलं आता मोटारी चालवतात आणि बाजारात दिसली की गाडी थांबवून हात जोडतात. बुटकी, रुंद, केस मानेवर आखूड कापलेले. हसली की आधी खांदे हलतात, आवाज मागून येतो.

"मी बघितली ना," आनेके म्हणाली. ती दक्षिण आफ्रिकेची, चौथीला शिकवते. तिचं आणि योहानचं लग्न नुकतंच झालेलं. "या एवढीशी. आणि मोठीवर सूट होती."

"सूट असून लहान घेतली?" कॉलिननं सँडविच खाली ठेवलं. तो आमचा खेळाचा शिक्षक. "मग संपलंच. खुर्चीवर माझा हक्क. मी आधीच सांगून ठेवतो."

"माणूस अजून इथं आहे," मी म्हटलं.

"म्हणून तर सांगतोय. गेल्यावर काय सांगणार?"

लिझाच्या घरात एकही वस्तू तिनं विकत घेतलेली नव्हती. जाणाऱ्यानं आपलं सामान मागे राहणाऱ्याला द्यायचं, आणि जे फुकट मिळालं ते पुढेही फुकटच द्यायचं, असा आमच्यात रिवाज आहे. लिझा कायमच मागे राहणारी. त्यामुळे तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत सतरा वर्षांची गेलेली माणसं साठली होती. वस्तूंना ती देणाऱ्याच्या नावानंच हाक मारायची. वेताची खुर्ची म्हणजे डेरेक. टेबल म्हणजे स्टुअर्ट. फ्रिजचं नाव बेथ, ओव्हनचं मार्गो.

"डेरेकवर बसू नकोस, त्याचा पाय हलतो," ती म्हणायची. "तो असतानाही हलायचा. दारू फार." किंवा, "बेथमध्ये दही आहे बघ. दार नीट लाव, तिला थंडी बाहेर टाकायची सवय आहे." नव्या शिक्षकांना पहिल्यांदा हे ऐकून दचकायला व्हायचं. महिन्याभरात तेही म्हणायला लागायचे, की स्टुअर्टवर चहा सांडला.

जाणाऱ्याच्या घरातली कुठली वस्तू कोणाला, हे ठरवायला आम्ही चांदण्या वापरतो. मुलांच्या वह्यांवर शाबासकी म्हणून चिकटवायच्या त्याच. आनेकेच्या सोनेरी, कॉलिनच्या हिरव्या. ज्याला जे हवं त्याच्या पाठीमागे त्यानं आपल्या रंगाची चांदणी लावायची. अर्थात, जाणाऱ्यानं "लावा" म्हटल्यावर. आनेके नवीन होती. ती लिझाकडे चहाला गेली आणि लिझा स्वयंपाकघरात असताना तिनं मार्गोच्या मागे एक सोनेरी चांदणी लावून टाकली. पुढच्या आठवड्यात डेरेकच्या पाठीला हिरवी आली. एकानं केलं की दुसऱ्याला धीर येतो.

लिझाला त्या झाडू मारताना दिसल्या. मी संध्याकाळी गेले तर ती खुर्ची उलटी करून बघत बसली होती.

"कॉलिनला हा हवाय," ती म्हणाली. "हलत्या पायासकट."

"तू त्यांना सांगत का नाहीस, की तू जात नाहीस?"

खांदे हलले नाहीत. तिनं खुर्ची सुलटी केली. "जात नाही, असं कुठं आहे?"

मग तिनं सगळं सांगितलं. जानेवारीत तिला साठ वर्षं पूर्ण होत होती. साठीनंतर शिक्षकाला ठेवायचं तर शाळेला दर वर्षी वरून खास परवानगी मागवावी लागते. मुख्याध्यापक ग्रॅहम मागवायला तयार होता, पण नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत त्याला हो की नाही ते हवं होतं. त्यानंतर तो पहिलीच्या वर्गासाठी जाहिरात देणार. तिकडे आन्तिकेला तिनं बांधलेलं घर पुरं झालं होतं. धाकटी बहीण नेनिंग मुलाबाळांसह तिथं राहत होती. समुद्राकडची खोली लिझाची. नेनिंग दर रविवारी फोनवर विचारायची, "मनांग, आता कधी?" मनांग म्हणजे त्यांच्याकडे थोरली बहीण.

"आणि हे," लिझानं दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले. "तीन जिने. डॉक्टर म्हणतो, जिना बंद. मोठी बाटली वर आणवत नाही गं. म्हणून लहान घेतली."

"एवढंच?"

"एवढंच. पण ते म्हणायला लागले जाते, तर मलाही वाटायला लागलं, जातेच बहुतेक. इथं एकटीनं म्हातारं व्हायचं, तेही तिसऱ्या मजल्यावर? पडले तर कोणाला कळेल? बेथला?"

यात एक माणूस असं होतं, की ज्याला कोणी काही विचारलंच नाही. आमच्याकडे प्रत्येक लहान वर्गात परदेशी शिक्षकाबरोबर गावातली एक मदतनीस बाई असते. शिक्षक बदलतात, बाई तीच. पहिलीच्या वर्गात सायपिन. लिझाहून चारेक वर्षांनी लहान, उंच, हाडकुळी, तोंडात शब्द कमी. लिझा गोष्ट सांगायची तेव्हा सायपिन मागे बसून नाकं पुसायची. सायपिन रागावली की लिझा समजूत काढायची. मुलं एकीला आई आणि एकीला बाप असल्यासारखी वागायची. कोण बाप ते सांगायला नको.

सायपिनचा एक नेम होता. नव्या शिक्षकाचं नाव ती पहिलं वर्षभर तोंडात घेत नसे. नुसतं "टीचर." जूनमध्ये सुट्टीहून तो परत आला, दुसरं वर्ष सुरू झालं, की मग नाव. "जिभेला वळण लागेपर्यंत माणूस निघून जातो," ती म्हणायची. "मग ते नाव तोंडात राहतं फुकट." मलाही तिनं पुढचा जून येईपर्यंत "गणित टीचर" म्हटलं. लिझाला मात्र ती फार पूर्वीपासून पी-लिझा म्हणायची. पी म्हणजे त्यांच्याकडेही थोरली बहीणच.

सप्टेंबर संपता संपता मी पहिलीच्या वर्गाबाहेरून चालले होते, तर सायपिनचा आवाज आला, "टीचर, कात्री द्या."

वर्गात लिझाशिवाय दुसरी मोठी बाई नव्हती.

लिझानं कात्री दिली. संध्याकाळी मला म्हणाली, "सायपिननं माझं नाव परत घेतलं." चांदण्यांवर हसली होती ती. यावर हसली नाही. चिकट भाताची छोटी टोपली सायपिन रोज दोघींसाठी आणायची, ती त्यानंतरही येत राहिली. पण टोपली आता टेबलाच्या मधोमध ठेवली जायची, लिझाच्या बाजूला नाही.

"विचार ना तिला," मी म्हटलं.

"तिनं विचारावं. मी का?"

अशा दोघी.

ऑक्टोबरच्या सुट्टीत लिझा घरी जाऊन आली. खोली बघायची, ठरवायचं. परत आली त्याच दिवशी मी वाळवलेले मासे घ्यायला गेले. दर वेळी आणते ती, आणि मी ते घरी न्यायच्या आधी तीन पिशव्यांत गुंडाळते.

"कशी आहे खोली?"

"सुरेख. खिडकीतून समुद्र. गादी नवी, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. झोपलं की कुशीवर वळताना आवाज होतो." तिनं डेरेक माझ्याकडे सरकवला. "मी म्हटलं, नेनिंग, काढ ते प्लास्टिक. तर म्हणते, असू दे मनांग, खराब होईल."

"मग?"

"मग काय, मला कपबशी धुऊ देत नाहीत. झाडू हातात घेतला की भाची काढून घेते. शेजारच्या बायका येतात, छान बोलतात, आणि सगळ्या जाताना एकच विचारतात, परत कधी? म्हणजे इकडे परत. एका सकाळी मला भात करायचा होता. सगळे झोपलेले. शैला, मला मीठ सापडेना. माझ्याच घरात. सगळे डबे उघडले. शेवटी नेनिंग उठून आली आणि ओरडली, मनांग, तू कशाला उठलीस, हाक मारायचीस. मीठ तिनं कुठून काढलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही."

"तुला वाईट वाटलं."

"नाही." तिनं खरंच विचार करून सांगितलं. "फार प्रेमानं वागतात. घर मी बांधलं, पण त्यात राहायला ते शिकले. चूक कोणाची आहे यात? भाचीचं लग्न ठरतंय. त्या खोलीला नवं जोडपं शोभेल. गादीवर प्लास्टिक त्यांनाही काढू देणार नाही ती, ते एक."

आता खांदे हलले.

तिकडे जायची इच्छा तिनं अशी हसून सोडून दिली, पण इथल्या तीन जिन्यांचं काय करायचं ते तिला उमगत नव्हतं. शाळेच्या आसपास तळमजल्याच्या खोल्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या. आणि शेवटचा शुक्रवार जवळ येत होता. आनेकेनं आईला फोनवर सांगूनही टाकलं होतं, की ओव्हन मिळणार आहे.

लोय क्राथोंगच्या सणाआधी पहिलीच्या मुलांना दर वर्षी पाण्यात सोडायच्या दिव्यांच्या तरंगत्या टोपल्या करायला शिकवतात. केळीच्या खोडाचे काप, वर पानांच्या घड्या, झेंडू, मेणबत्ती. त्या वर्षी माझा तास रिकामा होता म्हणून मी टाचण्या लावायला गेले. मुलं अंगणात पानं गोळा करत होती. सायपिन खाली बसून सुरीनं खोड कापत होती, लिझा स्टुलावर बसून घड्या घालत होती. खाली बसायचं ती हल्ली टाळायची.

"टीचर, पान उलटं धरलंय तुम्ही," सायपिन म्हणाली.

लिझानं पान मांडीवर ठेवलं. "सतरा वर्षं पान असंच धरते मी. आणि माझं नाव काय आहे?"

सायपिननं वर बघितलं नाही. "जाणाऱ्याचं नाव तोंडात ठेवलं, की नव्याचं बसत नाही."

"कोणी सांगितलं जाणार म्हणून?"

"सगळ्यांनी. तेलाची लहान बाटली घेता म्हणे."

"गुडघ्यांनी घ्यायला लावली. वर चढवत नाही मोठी."

सुरी थांबली. "गुडघे? एवढे?"

"एवढे. रेलिंग धरून चढते. मधल्या मजल्यावर बसते, तिथल्या मांजराशी ओळख झाली माझी."

"आणि मला सांगितलं नाही."

"तू विचारलंस?"

"जाणाऱ्याला विचारत नाहीत," सायपिन म्हणाली. "विचारलं तर त्याला कारण द्यावं लागतं. मग तो खोटं बोलतो. नंतर आठवण येते ती खोट्याची येते."

"आणि राहणाऱ्याला?"

सायपिननं पुन्हा सुरी चालवली. खोडाचे काप मात्र एवढे जाड पडायला लागले, की मी एक उचलून म्हटलं, याच्या दोन टोपल्या होतील. तिनं तो माझ्या हातातून घेतला आणि दोन तुकडे केले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती स्कूटर घेऊन फाटकाशी उभी होती. "बसा," लिझाला म्हणाली. मला म्हणाली, "तूही ये मागून. परत येताना ही बोलणार खूप, मला गाडी चालवताना बोलता येत नाही."

सायपिनचं घर लाम्याईच्या, म्हणजे लिचीसारख्या फळाच्या, बागेच्या कडेला आहे, खांबांवर उभं, लाकडी. खाली अंगणात एका बाजूला वेगळी खोली. तिथं तिची आई राहायची. दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून भाताची पोती आणि प्रासोंगची मासे पकडायची जाळी. प्रासोंग तिचा नवरा. तो पोती भिंतीशी रचत होता. आम्हाला बघून त्यानं हात जोडले, आणि पुन्हा पोतं उचललं.

"आईला शेवटी जिना चढवेना, म्हणून बांधली होती," सायपिन म्हणाली. "इथं दोन पायऱ्या आहेत. हा त्यांचा उतार करणार आहे."

"सिमेंट आणलंय," प्रासोंग म्हणाला.

"सिमेंट आणलंत? मी हो कुठं म्हटलंय?" लिझा दारातच उभी.

"पावसाळ्याच्या आत वापरायला हवंच होतं कशाला तरी," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

लिझा आत आली. भिंतीवरून हात फिरवला. खिडकीतून बघितलं: समुद्र नाही, कोंबड्यांचं खुराडं आणि शेजाऱ्याची वाळत घातलेली पँट. कोपऱ्यात चुलीजवळ एकाखाली एक अशा दोन लाकडी फळ्या होत्या. लिझा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही मीठ कुठं ठेवता?" तिनं विचारलं.

सायपिनला प्रश्न विचित्र वाटला असणार. मीठ-प्रकरण तिला माहीत नव्हतं. पण ती वर घरात जाऊन मिठाचा डबा घेऊन आली आणि वरच्या फळीवर ठेवला. मग लिझाची उंची डोळ्यांनी मोजली, डबा उचलून एक फळी खाली ठेवला.

"आईसाठी वर होता," ती म्हणाली. "आई उंच होती. पी-लिझा, तुम्ही बुटक्या."

परत येताना लिझा माझ्याच स्कूटरवर बसली. खूप बोलेल असं सायपिन म्हणाली होती, पण शाळेच्या फाटकापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. नुसते खांदे हलत होते. हसत होती की काय ते मला आरशात दिसलं नाही.

शेवटच्या शुक्रवारची वाट न बघता ती बुधवारीच ग्रॅहमकडे गेली. "शाळा ठेवील तोपर्यंत राहते," म्हणाली. ग्रॅहम सुटकेचा श्वास सोडून खुर्चीत मागे टेकला, म्हणाला, "मी जाहिरातीचा मजकूरही लिहायला घेतला नव्हता. तुझी जागा कशी लिहायची तेच सुचत नव्हतं."

नेनिंगला तिनं रविवारी फोन केला. नेनिंग रडली, मग गप्प झाली, मग तिनं विचारलं, की खोली रंगवून घेतली तर चालेल का, भाचीला फिकट हिरवा आवडतो. लिझा म्हणाली, भिंतींना चालत असेल तर मलाही चालेल. दोघीही हसल्या, असं तिनं मला सांगितलं. फोनवर मोठ्यानं बोलते ती. मी खालच्या मजल्यावर असते, तर तिनं न सांगताही मला ऐकू आलं असतं.

आनेके दोन दिवस लिझाला टाळत होती. शेवटी शिक्षकांच्या खोलीत समोरासमोर गाठ पडलीच.

"ती चांदणी," आनेके म्हणाली. "मला माहीत नव्हतं, की आधी विचारायचं असतं. मी येऊन काढते."

"मुळीच काढायची नाही," लिझा म्हणाली. "शनिवारी ये. योहानलाही आण. कॉलिन, तूही."

"कशाला?" कॉलिननं विचारलं.

"घर बदलतेय. ज्यानं ज्यावर चांदणी लावली, त्यानं ते उचलायचं."

शनिवारी सकाळी गार हवा होती, थंडीची सुरुवात. प्रासोंगचा पिकअप इमारतीखाली उभा. लिझा मधल्या मजल्यावर मांजराशेजारी बसून हुकूम सोडत होती. योहान आणि आनेके मार्गोला दोन बाजूंनी धरून जिना उतरत होते.

"मार्गोला आडवी धरू नका. तिला चक्कर येते."

"ही एवढी जड आहे हे मला कोणी का सांगितलं नाही?" योहान म्हणाला.

"तुझ्या बायकोनं बघितलं ना मागून. मागून सगळं हलकं दिसतं."

कॉलिननं डेरेक डोक्यावर घेतला होता. हलता पाय त्याच्या कानावर आपटत होता. बेथवर कोणाचीच चांदणी नव्हती, म्हणजे तिला उचलायला कोणीच बांधील नव्हतं. शेवटी ग्रॅहम आला, प्रासोंग आला, आणि दार उघडू नये म्हणून मी पट्टा धरून पुढे चालले. ग्रॅहम म्हणाला, मुख्याध्यापकाच्या कामांत हे कुठं लिहिलेलं नव्हतं. लिझा म्हणाली, आता लिहा.

दुपारी सगळं सायपिनच्या अंगणातल्या खोलीत लागलं. जेवायला चिकट भात, भाजलेली मिरचीची चटणी, तळलेली डुकराची चामडी, आणि लिझाच्या मासळीचा वास, ज्याच्यासाठी सायपिननं दोन्ही खिडक्या उघडल्या. आनेके ओव्हनच्या मागे वाकून नखानं सोनेरी चांदणी खरवडत होती. वरचा कागद निघाला, गोंद राहिला.

"नखानं नाही निघत ते," लिझा म्हणाली. "तेल लाव."

सायपिन दाराबाहेर ठेवलेल्या पिशवीकडे गेली. सकाळी बाजारातून तिनं आणलेली. आतून तिनं तेल काढलं, दोन्ही हातांनी उचलावी लागेल अशी मोठी बाटली, आणि चुलीजवळच्या फळ्यांखाली, लिझाच्या हाताला येईल अशी ठेवली. झाकण उघडून फडक्यावर थोडं ओतलं आणि फडकं आनेकेकडे दिलं.

"घ्या, टीचर," तिला म्हणाली.

आनेकेनं लिझाकडे बघितलं. "हिला माझं नाव माहीत नाही का?"

"जूननंतर विचार," लिझा म्हणाली, आणि डेरेकवर जपून बसली.